येईल त्याच्यासाठी

रस्ता ओलांडताना कोपऱ्यावरच्या सुताराने त्याला हाक मारली. शनिवारची सकाळ, सगळ्यांना घाई, आणि दोघांच्या मधून एक ट्रक चाललेला, म्हणून सुताराला ओरडूनच विचारावं लागलं, "भाऊ, पाळण्याला पांढरा रंग द्यायचा की लाकडाचाच ठेवायचा?" ट्रक निघून गेला तरी तो रस्त्याच्या मधोमध तसाच उभा राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, कुणीतरी काच खाली करून त्याच्या डोळ्यांविषयी काहीतरी बोललं. कुठला पाळणा, असं त्याला विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते "विचारून सांगतो". एखाद्या घरात रोजच बोलणं चालू असलेला विषय असावा तसं. सुताराने मान डोलावली आणि तो पुन्हा रंध्याकडे वळला. वहिनींनी घाई करायला सांगितलंय, एवढं मात्र त्याने पाठ फिरवता फिरवता सांगितलं.

तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवत, मागच्या खोलीत हा काचा घासायचा. खिडकी नसलेली खोली, एक दिवा, एक यंत्र, आणि यंत्राच्या चाकावर पडणाऱ्या पाण्याचा बारीक सूर. काच चाकाला लावली की आधी दातांत शिरशिरी यायची, मग सवयीने ती कळेनाशी व्हायची. लोकांना वाटतं नंबर बरोबर असला की झालं. पण काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर आला नाही तर बरोबर नंबरानेही माणसाला चक्कर येते, पायरी चुकते, डोकं दुखतं. हे त्याला आवडायचं. जगात निदान एक गोष्ट अशी होती की जी नीट मापली तर नीट बसत होती. त्या दिवशी पहिलीच काच त्याच्या हातात तडकली. मालकांनी आत डोकावून पाहिलं, दुसरी काच पुढे ठेवली, आणि त्यात त्याला त्यांचा समजूतदारपणा दिसला, तो त्याला नको होता. गेल्या वर्षापासून सगळे त्याच्याशी असेच वागत होते. जसं काही तोच काचेचा होता.

पाळणा. बायकोने त्याला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं हे दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या पोटाविषयी घरात बोलणं व्हायचं ते औषधांपुरतं, तपासण्यांपुरतं. आज कुठली गोळी, उद्या किती वाजता. शेजारीण जिन्यात भेटली आणि कौतुकाने काही म्हणाली की तो चपलेचा बंद नीट करायला खाली वाकायचा. मागच्या वेळी तो असा नव्हता. मागच्या वेळी तोच पुढे. दुकानातून मोठ्या खोक्यात पाळणा आणला होता, सुट्या भागांचा, आणि जमिनीवर बसून, स्क्रू ओठांत धरून, आईच्या सूचना ऐकत तो जोडला होता. आई म्हणाली होती, "बापाच्या लग्नाच्या पलंगाला इतके खिळे नव्हते." सगळे हसले होते. तेव्हाचं हसणं आठवलं की त्याला आता शरम वाटायची, जणू ते कुणीतरी आडून ऐकत होतं आणि मनात धरून बसलं होतं. मग शेवटच्या महिन्यातली ती तपासणी. डॉक्टरीणबाई आधी बोलत होत्या, हवेविषयी, रस्त्याच्या खोदकामाविषयी. बोलता बोलता त्यांचा आवाज बंद झाला. पोटावरून यंत्र पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मग त्यांनी यंत्राचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. तेवढं वळवणं. सबंध आयुष्य त्या वळवण्याच्या अलीकडे आणि पलीकडे पडलं. बायको छताकडे बघत होती. ती म्हणाली, "सकाळपासून शांत होतं. मला वाटलं झोपलंय."

पुढचे दोन दिवस तो धावपळ करत राहिला. चर्चच्या दफनभूमीत जागा, पेटी, फादरांची वेळ. धावपळ होती म्हणून बरं होतं. नर्सने फडक्यात गुंडाळलेलं ते त्याच्या हातात दिलं तेव्हा त्याने घेतलं आणि लगेच परत दिलं, खाली कुणीतरी वाट बघतंय असं सांगून तो जिना उतरला. खाली कुणी नव्हतं. नंतर पेटी त्याच्या हातात आली तेव्हा ती बंद होती. तिचं वजन त्याला अजून हातात जाणवायचं, दोन फ्रेमींचं खोकं उचलतानासुद्धा. आणि बायको घरी यायच्या आधी त्याने पाळणा सुटा केला, खोक्यात भरला, आणि रस्त्यापलीकडच्या अनाथालयाच्या दारात ठेवून आला. तिला दिसू नये म्हणून. ती आली, खोलीच्या दारात उभी राहिली. फरशीवर पाळण्याच्या पायांचे चार ठसे धुळीत उठून दिसत होते. ती मागे फिरली, आणि त्याला वाटलं, आपण तिचं दुःख थोडं हलकं केलं.

सुताराने हाक मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला. चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड आलं होतं, हिरव्या फांद्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या होत्या, त्यांतली एक कुणीतरी पेटवली. बायको त्याच्या शेजारी बसली होती, कोट पोटावर नीट बसत नव्हता, मधली बटणं उघडी. पलीकडे आई. वेदीमागचे म्हातारे फादर सर्दीने बेजार होते; रुमाल नाकाशी नेत ते सांगत होते की ही तयारीची वेळ आहे, येणारा येणारच आहे, आपण मात्र झोपलेले असतो, घर आवरलेलं नसतं. नाताळाची तयारी म्हणजे रोषणाई नव्हे, मन झाडणं. वाट मोकळी करणं. जे वाकडं आहे ते सरळ करणं. लहानपणापासून हे त्याने ऐकलं होतं, आणि दर वर्षी त्याला ते बरं वाटायचं. वर्षाच्या शेवटी, अंधार लवकर पडू लागला की, कुणीतरी येणार आहे. आता तेच शब्द त्याला ऐकवेनात. तयारी केली होती. जागेही होतो. दिवा लावून दारात उभे होतो, आणि जो आला तो असा आला. मग तयारी कशाची? तयारी म्हणजे मार खायला पाठ पुढे करणं. ज्याची वाट पाहिली नाही त्याचं न येणं दुखत नाही, हे एवढं साधं गणित या माणसाला कसं कळत नाही, असं त्याला वाटलं, आणि लगोलग भीती वाटली की आपण हे मनात बोललो ते ऐकलं गेलं असेल, आणि त्याचा वचपा आपल्यावर नाही, शेजारच्या न बसणाऱ्या कोटाच्या आत काढला जाईल. त्याने बाकाची कड घट्ट धरली. माफ कर, माफ कर, असं तो म्हणत राहिला. ती प्रार्थना नव्हती. साहेबासमोर नोकर करतो तशी गयावया होती. आईने कोपराने ढोसून त्याला उभं राहायला लावलं, कारण सगळे केव्हाचे उभे होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो सुताराकडे गेला. ठरवून गेला होता की पाळणा नको म्हणून सांगायचं, केलेल्या कामाचं काय ते बघून घेऊ. सुतार भुशात बसून भाकरी खात होता, बाजूला पाळण्याची एक बाजू भिंतीला टेकून उभी. गुळगुळीत, फिकट, नुकतीच पॉलिश पेपरने घासलेली. तिच्याकडे न बघता त्याने आपलं म्हणणं सांगितलं. सुताराने घास गिळला, पाणी प्यायला, आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी म्हणाल्या होत्या, नवरा येईल नको म्हणायला. आला तर चहा पाजा आणि घरी पाठवा." खरोखरच त्याने चहा मागवला. दोघांनी तो घेतला. उठताना सुताराने विचारलं, "रंगाचं काय ते ठरलं का?" त्याने नाही म्हणून मान हलवली. रस्त्यावर आल्यावर त्याला हसू येईलसं वाटलं, पण ते हसू छातीतच कुठेतरी वाकडं झालं. ती त्याला इतकी ओळखत होती, आणि तरीही, किंवा म्हणूनच, तिने त्याला बाजूला ठेवून सगळं एकटीने करायचं ठरवलं होतं.

तिच्यावर रागावता येत नव्हतं, घाबरता येत होतं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर उरलेल्या मऊ कापडांचं काहीतरी शिवत बसायची. तो आला की ते मांडीखाली सारायची नाही, पण दाखवायचीही नाही. यंत्राची टकटक लहान खोलीतून यायची. तिची टकटक थांबली की तो कान टवकारायचा. का थांबली? दोरा तुटला, की दुसरं काही? ती न्हाणीघरात जास्त वेळ राहिली तर तो दाराबाहेर येऊन उभा राहायचा आणि आतून आवाज आला की घाईने स्वयंपाकघरात जाऊन पेला विसळायचा. आईला कमी ऐकू यायचं, दिसत मात्र सगळं होतं. ती एकदा म्हणाली, "तू असा चोरासारखा घरात फिरतोस, पोर आलं तर त्याला वाटेल चुकीच्या घरात आलो." त्याने हातातला पेला ठेवला आणि फिरायला जातो म्हणून बाहेर पडला. किती तरी रस्ते तो चालला. सगळीकडे माळा लागत होत्या, दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवला जात होता, आणि प्रत्येक काचेमागे काहीतरी येणार असल्याची लगबग होती. आपण एकटेच या लगबगीच्या उलट दिशेने चाललोय असं त्याला वाटलं. येऊ नकोस, असं त्याच्या मनात आलं. निदान आत्ताच येऊ नकोस. आहेस तिथेच राहा, तिथे तू आहेस. आणि मग स्वतःचाच विचार ऐकून तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. बापाने मुलाला म्हणायची ही गोष्ट होती का?

फादर दुकानात आले ते त्याच आठवड्यात. चष्म्याची एक दांडी सैल झाली होती, पुस्तकावर वाकलं की चष्मा नाकावरून घसरायचा. मालक बाहेर गेले होते म्हणून त्याने त्यांना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं. चष्म्याशिवाय ते वेगळेच दिसत होते, डोळ्यांखाली लोंबणारी कातडी, कुणाचं तरी थकलेलं आजोबापण. स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता त्याने विचारलं, "फादर, एखाद्याला तयारी करायची नसेल तर?" त्यांना लगेच कळलं. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. मग ते म्हणाले की त्या दिवशी दफनभूमीत त्यांनी सबंध प्रार्थना पुस्तकातून वाचली होती, एकही शब्द स्वतःचा घातला नव्हता, ते त्याच्या लक्षात आलं होतं का? त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "माझ्याजवळ काही नव्हतं," फादर म्हणाले. "घरी गेलो आणि देवाशी भांडलो. अजून भांडण मिटलेलं नाही. तरी रविवारी उभा राहून तुम्हाला तयारी करा म्हणून सांगतो. तुला काय सांगू?" त्याने चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला, त्याच्याकडे पाहिलं, आणि सर्दीने भरलेल्या आवाजात म्हणाले की भांडायचं असेल तर ये, दार उघडं असतं. ते गेल्यावर त्याने यंत्र सुरू केलं आणि पाण्याचा सूर ऐकत नुसता बसला. त्याला आधार हवा होता. मिळाला होता एक जोडीदार, तोही तितकाच बुडणारा.

तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लागली. जांभळ्यांच्या मधे ही एकच गुलाबी का, असं बायकोने घरी येताना विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "मधेच थोडं हसून घ्या म्हणून. नाहीतर शेवटपर्यंत दम कसा धरवणार?" बायको हसली. त्या दिवशी दुपारी सुतार पाळणा पोचवून गेला. रंग न देता, लाकडाचाच. तिनेच तसं सांगितलं असणार. तो खुर्चीत बसून वर्तमानपत्र बघत होता आणि लहान खोलीतून तिचे आवाज येत होते, काहीतरी सरकवल्याचे, काहीतरी झटकल्याचे. मग तिने हाक मारली. जड काही उचलायचं असेल म्हणून तो उठून गेला. पाळण्यात तिने गादी घातली होती, वर दुपटं, आणि काठावर लहान लहान झबली एकावर एक ठेवलेली. खिडकीतून उन्हाची पट्टी बरोबर त्यांच्यावर पडली होती.

"हे काढ," तो म्हणाला. "झाल्यावर घालू. सगळं करू, तू म्हणशील ते करू. पण आधी नको. मला हे बघवत नाही."

ती पाळण्याच्या काठावर हात टेकून सावकाश खाली बसली. तिचे पाय सुजले होते. म्हणाली, "मागच्या वेळी त्याच्या अंगात काय होतं, तुला माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं. पेटी बंद होती.

"पिवळं झबलं होतं. बारीक टिपक्यांचं. मी पिशवीत भरून नेलं होतं ना, सगळं तयार करून, ते. नर्स म्हणाली, असू दे, फडक्यात गुंडाळून देऊ. मी नाही म्हटलं. मी त्याला झबलं घातलं, टोपडं घातलं. हात बाहीत जात नव्हता, लवचीक नव्हता ना. हळूहळू घातला. मग तो माझा मुलगा दिसायला लागला. तोवर सगळे त्याला 'ते' म्हणत होते." ती थांबली. "मी तयारी केली नसती तर तो उघडा गेला असता."

"मला सांगितलं नाहीस."

"तू खाली गेला होतास."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती पुढे म्हणाली, "तू पाळणा काढून टाकलास तेव्हा मला वाटलं, हा आलाच नव्हता असं ठरवताय तुम्ही सगळे. मी हे जगेल म्हणून नाही शिवत. येणार आहे म्हणून शिवते. जसं येईल तसं. जगणं मरणं माझ्या हातात असतं तर मी कशाला शिवत बसले असते?"

तो तिच्या शेजारी फरशीवर बसला. आपण वर्षभर जे ओझं तिच्यापासून दूर ठेवतोय असं समजत होतो ते तिने केव्हाच एकटीने उचललं होतं, बाहीत हात घालून, सावकाश. आणि आपण एका रिकाम्या जिन्याखाली उभे होतो. त्याला फादरांचं वाक्य आठवलं, मन झाडण्याचं. झाडायला आत काही असावं लागतं. त्याने तर खोलीच बंद करून टाकली होती. धीर आला, असं काही झालं नाही. उलट इतके दिवस भीतीला एक दार होतं, ते आता सताड उघडं पडलं. पण त्या दुपारी तो तिथून उठला नाही. तिने पुढे केलेल्या झबल्यांची त्याने एकेक करून घडी घातली, चुकीची घातली, तिने पुन्हा उलगडून दिली, त्याने पुन्हा घातली. पिवळ्या रंगाचं त्यांत एकही नव्हतं.

नाताळाला थोडे दिवस उरले असताना, भर दुपारी, दुकानात आईचा फोन आला. तिला फोनवर काही ऐकू जायचं नाही म्हणून ती नुसती सांगत राहिली, शेजारणीने गाडी आणली, आम्ही निघालो, तू ये, तू ये. तो पोचला तेव्हा बायकोला आत नेलं होतं. तेच हॉस्पिटल, तोच मजला. बाळाचे ठोके मंदावताहेत, पोट उघडावं लागेल, असं कुणीतरी त्याला चालता चालता सांगून गेलं आणि दार बंद झालं. आई बाकावर बसली होती, ओठ हलत होते. तो जिन्याच्या तोंडाशी गेला. पायऱ्या खाली उतरत होत्या, स्वच्छ, रिकाम्या, आणि खाली काहीतरी काम निघू शकत होतं. पाणी आणणं, फोन करणं, गाडी नीट लावणं. तो तिथे कठडा धरून उभा राहिला. मग परत येऊन दाराला पाठ टेकून उभा राहिला, कुणाला जायचं यायचं असेल तर ढकलतील अशा बेताने. प्रार्थना म्हणून पाहिली. शब्द अर्ध्यावर तुटत होते. सौदे मनात येत होते, हे घे आणि ते दे, मला ने आणि तिला ठेव, आणि त्याला स्वतःचीच किळस येत होती. शेवटी सगळं गळून एकच शब्द उरला. ये. कसाही ये, कशीही ये. ये. तो शब्द उच्चारायला त्याला इतके महिने धीर झाला नव्हता, आणि आता दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. त्या शब्दाने त्याला सोलून काढलं. तो देवाला म्हणत होता की बाळाला, हे त्याला कळत नव्हतं, आणि फरकही वाटत नव्हता.

रडणं ऐकू आलं तेव्हा त्याला वाटलं दुसऱ्या कुणाचं तरी आहे. या मजल्यावर पुष्कळ दारं होती. दार उघडून नर्स बाहेर आली, तिला तो आडवा आला म्हणून ती किंचित चिडली, आणि म्हणाली मुलगी झाली. त्याने विचारलं, "आहे?" नर्सला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "कान फुटतायत आमचे, तुम्हाला ऐकू येत नाही का?" आईने विचारलं काय म्हणतेय, आणि त्याने आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. सांगताना त्याचा आवाज त्या मुलीच्या रडण्यासारखाच चिरका झाला.

पुढे बायकोला खोलीत आणलं. ती पांढरीफटक पडली होती, ओठ सुकलेले. मुलीला त्याच्या हातात दिलं. नर्स जायला वळली, आणि त्याने परत दिली नाही. खिडकीशी नेऊन तो तिच्याकडे बघू लागला, नाक, मुठी, कपाळावरची आठी, कडेला दुमडलेला कान. एक एक वस्तू. भीती गेली नव्हती. ती आता या एवढ्याशा श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि आयुष्यभर होत राहणार होती हे त्याला दिसत होतं. पण बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की यातलं काहीच त्याने पहिल्याचं पाहिलेलं नाही. तो रडू लागला. आवाज न करता, दाढीवरून पाणी ओघळून दुपट्यावर पडेल म्हणून मान बाजूला करून. आईने बघितलं, आणि ती उगीचच पाण्याचं भांडं शोधायला बाहेर गेली.

बायकोने डोळे न उघडता विचारलं, "काय झालं?"

"त्याचे कान असेच होते का?"

तिने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "थोडे मोठे होते. तुझ्यासारखे."

"आणि केस?"

"दाट. मानेपर्यंत होते." तिने डोळे उघडले. "इकडे ये, बस. सांगते."